सात नंबरच्या खोलीतला पर्यवेक्षक

शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी भिंतीवर कागद डकवला आणि बोलणं एकदम थांबलं. मग कोपऱ्यात कुणीतरी नाकातल्या नाकात हसलं. उस्ताद हिल्मीने चहाचा पेला खाली ठेवला. बोलणं असं थांबलं की विषय आपलाच आहे, हे चौदा वर्षांच्या नोकरीत तो शिकला होता.

"शेख हिल्मी, तुमचं नाव लागलंय," सामेह म्हणाला. सामेह खेळाचा शिक्षक. त्याच्या गळ्यात शिट्टी असायची आणि चालताना ती सदऱ्याच्या गुंडीवर टकटक वाजायची.

"कशात?"

"नववीच्या परीक्षेत. पर्यवेक्षक. खोली नंबर सात. तुम्ही आणि मी."

"थट्टा करू नकोस, सामेह."

"अल्लाशपथ, लिहिलंय इथे. मिस सुहैर, वाचून दाखवा त्यांना, माझ्यावर विश्वास नाही त्यांचा."

गणिताच्या मिस सुहैरने वाचून दाखवलं. नाव खरंच होतं.

हिल्मी काही शेख नव्हता. तो इतिहास शिकवायचा, नुसता उस्ताद, म्हणजे मास्तर. पण कफ्र शरारा गावात आंधळा माणूस म्हटला की तो कुराण म्हणणारा शेखच, हे लोकांनी धरून ठेवलेलं. सुरुवातीला तो दुरुस्त करत असे. एकदा एका मयतीच्या मांडवात त्याला आग्रहाने माइकपुढे बसवलं, आणि त्याने आपला बेसूर आवाज लावल्यावर पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी खोकायला सुरुवात केली. त्यानंतर मांडवातून त्याची सुटका झाली, पण 'शेख' मात्र चिकटला तो चिकटलाच.

दर जूनमध्ये परीक्षा लागली की सगळी शाळा कामाला जुंपली जायची आणि त्याला सांगितलं जायचं, "तुम्ही आराम करा." अकरा दिवस तो ग्रंथालयात पंख्याखाली बसायचा. पंखा कुरकुरायचा, वरच्या मजल्यावर बाकं सरकायची, जिन्यात धावपळ चालायची, आणि धडधाकट माणसाला आजारी ठरवून अंथरुणात घालावं तसं त्याला वाटायचं. चौदा जून त्याने असे काढले होते. आणि आता खोली नंबर सात.

घरी पोचेपर्यंत त्याचा पाय जमिनीवर ठरेना. कालव्याकाठच्या रस्त्यावर काठी नेहमीपेक्षा जोरात आपटत तो आला. इन्साफ, त्याची बायको, शिवणयंत्रावर होती. ती शाळेचे गणवेश शिवायची, आणि रात्री त्याच्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका त्याला वाचून दाखवायची. वीस ओळींत मुलगा घोकून आलाय की समजून, हे आता तिलाही कळायला लागलं होतं.

"कोणी घातलं नाव?" तिने यंत्र न थांबवता विचारलं.

"हाज फिक्रीने. मुख्याध्यापकाशिवाय कोण घालणार?"

"चौदा वर्षांत सुचलं नाही त्याला. आता कसं सुचलं?"

"माणसं कमी पडली असतील."

"असतील," ती म्हणाली. यंत्र चालू झालं, पुन्हा थांबलं. "तुला आनंद झालाय ना? मग मी नाही काही बोलत."

"बोललीस की."

"बरं, बोलले. जेवायला बस."

त्याला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सुट्टी असूनही तो शाळेत गेला, पहारेकऱ्याकडून सात नंबरची किल्ली मागून घेतली आणि ती खोली काठीने, पावलांनी, हातांनी पाठ केली. पाच बाकांच्या चार रांगा. एका बाकावर एकच मुलगा, म्हणजे वीस. डावीकडे तीन खिडक्या, मधल्या खिडकीची कडी तुटलेली. फळ्यापाशी खुर्ची. तिसऱ्या रांगेतल्या चौथ्या बाकाचा एक पाय आखूड, हात टेकला की ठक्‌ वाजतो. बाकांमधल्या वाटेवरून तो इतक्या वेळा फिरला की पहारेकरी दारात येऊन म्हणाला, "उस्ताद, काही हरवलंय का?"

पहिला पेपर अरबी भाषेचा. नऊला घंटा झाली, पाकीट फोडल्याचा आवाज आला, सामेहने प्रश्नपत्रिका वाटल्या. वीस पेनं चालू झाली. हिल्मी फळ्यापाशी उभा होता. खुर्चीत बसणं त्याला जमेना. वीस पेनांचा आवाज त्याला वेगवेगळा ऐकू येत होता. कुणी दाबून लिहिणारा, कुणी भराभर, कुणी दोन शब्द लिहून थांबणारा. विचार करून लिहिणारी माणसं एकत्र थांबत नाहीत आणि एकत्र सुरूही होत नाहीत.

साधारण चाळीस मिनिटांनी दारावर नख घासल्यासारखा आवाज झाला. सामेहची शिट्टी दारापर्यंत टकटकत गेली आणि परत आली. मग खोलीत एक वास शिरला. झेरॉक्सच्या दुकानातून नुकत्याच काढलेल्या गरम कागदाचा. सामेहची पावलं मागच्या दोन रांगांतून सावकाश फिरली आणि प्रत्येक बाकापाशी अर्धा क्षण थांबली.

"सामेह, काय चाललंय?" हिल्मीने विचारलं.

"काही नाही, शेख. जास्तीचे कागद हवे होते मुलांना."

त्यानंतर मागची दहा पेनं एका तालात चालायला लागली. सगळी एकदम थांबत, कागद उलटल्याची सळसळ होई, सगळी एकदम सुरू होत. पुढच्या रांगेत कुणीतरी नाकाने जोरजोरात श्वास घेत होतं. या गोष्टीकडे कानाडोळा करायचा, तर त्याच्यापाशी डोळे नव्हते, कान तेवढे होते, आणि कान मिटता येत नाहीत.

तो दोन पावलं मागच्या रांगांकडे गेला. सामेहने येऊन हलकेच त्याचा दंड धरला. "बसा ना, उस्ताद. दोन तास उभं राहून पाय सुजतील." आणि हिल्मी बसला. नंतर कितीतरी दिवस त्याला हेच आठवत राहिलं. कुणी ढकललं नव्हतं, कुणी धमकावलं नव्हतं, तरी तो बसला होता.

घंटा झाल्यावर मुलं एकेक करून उत्तरपत्रिका टेबलावर ठेवून गेली. शेवटी एक मुलगी थांबली. तिचा आवाज त्याने ओळखला. दौलत, ब तुकडीतली, पिठाच्या गिरणीवाल्या साब्रीची मुलगी. त्याच्या तासाला सगळ्यांत जास्त प्रश्न हीच विचारायची.

"उस्ताद," ती हळूच म्हणाली, "तुम्हाला दिसत नाही ते आम्हाला माहीत आहे. पण ऐकूही येत नाही का?"

आणि ती निघून गेली.

तो तडक हाज फिक्रीच्या खोलीत गेला. हाज फिक्री जाड अंगाचा, मृदू आवाजाचा माणूस. हजला जाऊन आल्यापासून तो कुणावर ओरडला नव्हता. त्याने पुदिन्याचा चहा मागवला, पेला हिल्मीच्या हातात स्वतः दिला आणि बोटं त्याच्याभोवती मिटवली, जणू मूल आहे.

"भाजेल हं. बोल, बाबा."

"हाज, सात नंबरमध्ये उत्तरं वाटली. छापील. सामेहने वाटली."

"तू पाहिलंस?"

हिल्मीने पेला टेबलावर ठेवला.

"बघ, हिल्मी. तुझ्यासाठी मी भांडलो. वरचे साहेब म्हणत होते, आंधळा माणूस कसलं पर्यवेक्षण करणार? मी म्हटलं, करेल. आमचा हिल्मी कुणाहून कमी नाही. दरवर्षी यायचास ना माझ्याकडे, मला का नाही, मला का नाही म्हणत? आता दिलं."

"सातच नंबर का दिला?"

हाज फिक्रीने चहाचा घोट घेतला. "त्या खोलीत कुणाकुणाची मुलं आहेत ठाऊक आहे? पालिकेतल्या लोकांची. माझ्या बहिणीचा मुलगा आहे, लपवत नाही मी तुझ्यापासून. धान्याच्या व्यापाऱ्याची दोन आहेत. आपल्या संडासांना पाणी कुणी आणून दिलं? त्याने. बाकीची दहा आडनावाच्या क्रमाने आली, त्याला इलाज नाही. दुसऱ्या कुणाला तिथे बसवलं तर उद्या त्याला जाब विचारतील. तुला कोण विचारणार? जे माणसाला दिसतच नाही त्याची जबाबदारी त्याच्यावर येत नाही. अल्लाहदेखील आंधळ्यावर बोजा टाकत नाही. मी तुला सांभाळूनच ठेवलंय तिथे."

हे बोलणं इतक्या मायेने झालं की हिल्मीला आधी त्याचा अर्थच लागला नाही. अर्थ लागला तो जिन्यात, मधल्या पायरीवर. चौदा वर्षं त्याला दिसत नाही म्हणून काम दिलं नव्हतं, आणि आता दिलं तेही दिसत नाही म्हणूनच. त्याने कठडा धरला. खालून मुलं धडाधडा वर येत होती, त्याला बाजूने ओलांडत होती. त्याला ना वर जाववेना, ना खाली.

मग त्याला शिक्क्याची आठवण झाली.

आंधळ्याची सही शाळेचं कार्यालय मान्य करत नसे. त्याच्या नावाचा पितळी शिक्का होता आणि तो 'सुरक्षित राहावा म्हणून' कारकून मादाम करीमाच्या खणात असायचा. पगार, रजा, हजेरी, सगळ्यावर तीच उठवायची. म्हणजे सात नंबरच्या आजच्या अहवालावर, 'परीक्षा शांततेत पार पडली' या ओळीखाली, त्याचं नाव एव्हाना उठलेलं असणार.

तो कार्यालयात गेला. "मादाम करीमा, माझा शिक्का द्या."

"कशाला हवाय? मी आहे ना. कुठे हरवला तर नवा करायला सहा महिने लागतात."

"माझा आहे तो. द्या."

"हाजना विचारू का?"

"माझ्या खिशातल्या रुमालासाठीही विचारता का हाजना?"

करीमा हसली. मनाने ती वाईट नव्हती, तिला फक्त कटकट नको असायची. खण उघडला, डबीचं झाकण वाजलं आणि थंड पितळ त्याच्या तळहातात आलं. बोटाने त्याने अक्षरं चाचपली. आपलं नाव उलटं कोरलेलं असतं, हे त्याला पहिल्यांदाच कळलं.

घरी त्याने इन्साफला सगळं सांगितलं. ती गणवेशाची बाही उसवत होती. उसवण्याचा आवाज थांबला.

"मग काय करणार आहेस?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणत फेऱ्या मारतोयस तासभर. खुर्चीला तीनदा आपटलास."

"तू काय करशील?"

"मी?" तिने बाही बाजूला ठेवली. "मी तुला म्हणणार होते, गप्प राहा. कामावरून काढलं तर गणवेशांवर घर चालायचं नाही. पण तू असा फेऱ्या मारत राहिलास तर या घरात कुणालाच राहता यायचं नाही. तेव्हा करायचं ते कर आणि मग स्वस्थ बस."

गणिताचा पेपर सोमवारी होता. उकाडा एवढा की मुलांचे हात उत्तरपत्रिकेला चिकटून सुटताना आवाज येत होता. हिल्मी आज फळ्यापाशी थांबलाच नाही. घंटा झाल्यापासून बाकांमधून फिरत राहिला. सामेहने दोनदा सांगितलं, "शेख, मुलांचं लक्ष विचलित होतं." तो म्हणाला, "होऊ दे."

पाऊण तासाने दारावर नख घासलं. तोच गरम कागदाचा वास आला. सामेह मागच्या रांगांतून फिरला आणि मग, बहुधा हिल्मी पुढच्या रांगांत आहे असं पाहून, सिगारेट ओढायला बाहेर सटकला. दार लागल्याचा आवाज होताच हिल्मी मागे वळला. तिसऱ्या रांगेतलं चौथं बाक त्याने गाठलं आणि उत्तरपत्रिकेवर हात ठेवला. ठक्‌ झालं. त्याने बोटं उत्तरपत्रिकेखाली सरकवली. खाली दुसरा कागद होता, गुळगुळीत, अजून किंचित कोमट.

"उस्ताद, ते माझं कच्चं काम आहे," मुलगा म्हणाला.

"कच्च्या कामाला पेनाने कोरलेल्या रेघा असतात. हा कागद सपाट आहे. छापलेला आहे." त्याने तो घडी करून कोटाच्या आतल्या खिशात घातला आणि पुढच्या बाकावर गेला.

खोलीत कुजबुज वाढली. कुणीतरी कागद चुरगाळून तोंडात कोंबला. चावल्याचा ओला आवाज आला. कुणीतरी रडायला लागलं. एक मुलगा उठून म्हणाला, "माझ्या काकांना कळलं ना, तर बघा." हिल्मीचे हात बाकामागून बाक पुढे जात राहिले. सात कागद मिळाले. आठव्या बाकाशी तो पोचला आणि दार उघडलं.

"काय करताय तुम्ही?" सामेहच्या आवाजात पहिल्यांदाच थट्टा नव्हती.

"पर्यवेक्षण."

पेपर संपल्यावर उत्तरपत्रिकांचं पाकीट दोन्ही पर्यवेक्षकांसमोर बांधायचं, त्यावर अहवाल लावायचा, आणि दोघांची सही नाहीतर शिक्का. जिल्ह्याची गाडी फाटकाशी येऊन उभी होती. सामेहने अहवालाचा कागद टेबलावर सरकवला. "चला, शिक्का द्या. करीमा म्हणाली तुमच्याकडेच आहे."

"काय लिहिलंय वाच."

"रोजचंच."

"वाच."

"'परीक्षा शांततेत पार पडली. गैरप्रकार आढळला नाही.'"

"मग नाही देत. दुसरा लिही. सात कागद सापडले, असं लिही."

"मी माझ्याच विरुद्ध लिहू? डोकं फिरलंय का तुमचं?"

बाहेर गाडीवाल्याने भोंगा वाजवला. पाच मिनिटांत हाज फिक्री वर आला. जिने चढून त्याला धाप लागली होती आणि तरी आवाज मऊच होता. "हिल्मी, बाबा, गाडी थांबलीय. पाकीट गेलं नाही तर वीसच्या वीस मुलांचा पेपर गेला. तू त्यांचं नुकसान करणार?"

"अहवाल खरा लिहा. मी लगेच शिक्का देतो."

"लिहिणार कोण? तुला येतं लिहायला?"

हिल्मीला ब्रेलमध्ये लिहिता येत होतं आणि या इमारतीत ते वाचू शकणारं कुणी नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं. तो टेबलाला पाठ लावून उभा राहिला. एक हात खिशातल्या कागदांवर होता. पुन्हा भोंगा वाजला.

"मी लिहिते," दारातून आवाज आला. शेजारच्या आठ नंबरवर मिस सुहैर होती.

"सुहैर, तुझा यात संबंध नाही," हाज फिक्री म्हणाला.

"नाही ना. हे सांगणार, मी फक्त लिहिणार. नियमात आहे, हाज. आंधळ्या माणसाला लेखनिक देता येतो. नापासांच्या फेरपरीक्षेत आंधळ्या मुलांना तुम्हीच देता." पेनाचं टोपण उघडलं. मग ती अगदी खालच्या आवाजात हिल्मीला म्हणाली, "पटकन सांगा, उस्ताद. धीर आहे तोवर."

त्याने सांगितलं, तिने लिहिलं. सात कागद अहवालाला टाचले. हिल्मीने शिक्का काढला, उलटा की सुलटा ते बोटाने पाहिलं आणि तिने जिथे त्याचं बोट टेकवलं तिथे दाबला. जाताना हाज फिक्रीने टेबलाच्या कडेवरचा हिल्मीचा पाण्याचा पेला उचलून आत सरकवला, पडू नये म्हणून. सवयच होती त्याची ती.

चौकशी तीन आठवड्यांनी झाली, जिल्ह्याच्या कार्यालयात. तिथला अधिकारी तरुण होता, भराभर बोलणारा.

"तुम्ही गैरप्रकार पाहिलात?"

"नाही."

"मग इथे कसं आलात? फॉर्मवर छापलंय, 'मी स्वतः पाहिले की'. पुढे मी काय लिहू?"

"'पाहिले' खोडा. 'हाताने पकडले' लिहा."

अधिकाऱ्याचं पेन थांबलं. "असं खोडता येत नाही. छापील फॉर्म आहे."

"मग बाजूला लिहा."

त्याने बाजूला लिहिलं. हिल्मीने ते तीनदा वाचून दाखवायला लावलं.

निकाल विचित्र लागला. सात कागद खोटे ठरवता आले नाहीत, पण ते कुणाकुणाच्या बाकावरून निघाले हे सांगायला साक्षीदार 'अपात्र' ठरला. त्याने चेहरे पाहिले नव्हते. म्हणून एकाही मुलावर ठपका आला नाही, आणि सात नंबरच्या वीसही जणांचा गणिताचा पेपर रद्द झाला. ऑगस्टमध्ये पुन्हा, जिल्ह्याच्या शाळेत, बाहेरच्या लोकांसमोर. हाज फिक्रीला लेखी ताकीद मिळाली आणि तो आपल्या खुर्चीत राहिला. सामेहची बढती वर्षभर थांबली. त्याने हिल्मीशी बोलणं सोडलं, नुसती शिट्टी जवळून टकटकत जाऊ लागली.

ऑगस्टमधल्या त्या सकाळी हिल्मीला घरात बसवेना. जिल्ह्याच्या शाळेत त्याला आत जाता येणार नव्हतं आणि तिथे त्याचं कामही नव्हतं. तरी तो मायक्रोबसने गेला आणि भिंतीबाहेरच्या फुटपाथवर उन्हात दोन तास येरझाऱ्या घातल्या. ज्या मुलांनी नक्कल केली होती ती आत होती, आणि जिने रात्ररात्र बसून अभ्यास केला होता तीही आत होती. दोघांनाही त्याने तिथे नेऊन बसवलं होतं. त्याच्या काठीचा आवाज ऐकून एका फळवाल्याने त्याच्या हातात पेरू ठेवला, भीक म्हणून. त्याने तो परत केला नाही. हातात धरूनच तो फिरत राहिला.

दौलत त्याला भेटली ती दोन आठवड्यांनी, भाकरीच्या भट्टीपुढल्या रांगेत. निकाल लागला होता. नववीनंतरच्या सामान्य विद्यालयात प्रवेशाला लागत त्याहून चार गुण जास्त मिळून ती पास झाली होती. हे त्याला मिस सुहैरकडून कळलं होतं. मागच्या बाजूला तिचा आवाज ऐकून तो वळला.

"अभिनंदन, दौलत."

"शुक्रन, उस्ताद." रांग एक पाऊल पुढे सरकली. "मला जूनच्या पेपरात सगळं आलं होतं. सगळं. दुसरा पेपर अवघड होता. पप्पा म्हणाले, नापास झालीस तर गिरणीत बसायचं."

"मला वाईट वाटतं."

"तुम्ही चुकलात असं नाही म्हणत मी. पण पहिल्याच दिवशी का नाही बोललात? अरबीच्या पेपरला? तेव्हा पकडलं असतं तर गणिताला ते आलेच नसते आमच्या खोलीत."

"पहिल्या दिवशी माझी खात्री नव्हती."

"होती, उस्ताद."

भट्टीतून गरम वाफ अंगावर आली. मागच्या बाईने पुढे सरकायला सांगितलं. हिल्मी हलला नाही.

"होती," तो म्हणाला. "त्यांनी बसायला सांगितलं आणि मी बसलो."

रांगेत दोघांच्या मध्ये कुणी घुसू नये म्हणून दौलतने त्याच्या कोपराला बोट लावून त्याला पुढे केलं, आपल्या भाकऱ्या घेतल्या आणि ती गेली. ती रागात गेली की नाही ते तिच्या पावलांवरून त्याला ओळखता आलं नाही.

सप्टेंबरमध्ये बदलीचा कागद आला. इन्साफने वाचून दाखवला. 'प्रकृतीच्या सोयीसाठी' उस्ताद हिल्मी यांना सोळा किलोमीटरवरच्या गावातल्या शाळेत पाठवण्यात येत होतं. तिकडे जायला दोन मायक्रोबस बदलाव्या लागत, आणि दुसरी भरल्याशिवाय सुटत नसे.

"प्रकृतीच्या सोयीसाठी," इन्साफ पुन्हा वाचून म्हणाली. "कुणाच्या प्रकृतीच्या?" आणि दोघंही हसली, बऱ्याच दिवसांनी.

नवी शाळा भातगिरणीला चिकटून होती. पहिल्या दिवशी मुख्याध्यापिकेने त्याला वर्गाच्या दारापर्यंत पोचवलं आणि ओरडून सांगितलं, "अडतीस मुलं आहेत! काही लागलं तर सांगा!" ओरडावंच लागायचं, गिरणीचं धडधडणं भिंतीतून, फरशीतून, काठीतून येत होतं. हिल्मी आत गेला आणि त्याला पहिल्यांदाच खरंखुरं आंधळं वाटलं. मुलं कुठे बसलीत, किती आहेत, कुणी हसतंय की झोपलंय, काही कळेना. त्याच्या आयुष्यात जे आवाज भिंती आणि चेहरे होते ते सगळे त्या धडधडीने पुसून टाकले होते.

पहिले तीन दिवस तो घसा फुटेपर्यंत बोलला आणि घरी येऊन गप्प पडून राहिला. मग त्याने फळ्यापाशी उभं राहणं सोडलं. तो बाकांमधल्या वाटेवर शिरला, एकेका बाकावर हात ठेवत, एकेका मुलाजवळ वाकून बोलत. मुलं आधी दबकली, मग ओरडून उत्तरं द्यायला लागली. एक मुलगा उत्तर देताना त्याची बाही ओढायचा, म्हणजे उत्तर त्याच्याकडूनच आलंय हे कळावं. हळूहळू बाकीचेही ओढायला लागले. संध्याकाळी इन्साफ म्हणाली, "या कोटाच्या बाह्या अशा कशाने लोंबायला लागल्यात?"

पुढच्या आठवड्यात, साडेअकराच्या सुमाराला, तास चालू असताना गिरणी अचानक बंद पडली. वीज गेली असेल, पट्टा तुटला असेल. कुणी सांगितलं नाही. शांतता इतकी एकदम आली की वर्गही दचकून गप्प झाला. आणि हिल्मीला सगळा वर्ग एकदम ऐकू आला. खिडकीपाशी सर्दी झालेलं कुणीतरी. मागे दोन मुली एकाच वहीत काहीतरी खरवडत होत्या. दाराजवळचा एक जण पाय हलवत होता. अडतीस जणांचा श्वास चालू होता.

त्याने धडा अर्ध्यात सोडला.

"चला, चटकन," तो म्हणाला. "पहिल्या बाकापासून. प्रत्येकाने आपलं नाव सांगा, जागेवरूनच, नेहमीच्या आवाजात. ओरडू नका. लवकर."

मुलं नावं सांगायला लागली. तो वाटेच्या मधोमध उभा होता, प्रत्येक आवाजाकडे मान वळवत, पुढच्याला हाताने खुणावत, घाईघाईने. गिरणी केव्हाही सुरू झाली असती.